पीडब्ल्यूएम की एमपीपीटी: शिवसागरापलीकडच्या घराला कुठला चार्ज कंट्रोलर?

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या पलीकडच्या काठावर चार खणांचं घर उभं राहिलं आणि विजेचा खांब लांबच राहिला, की सोलरशिवाय गत्यंतर नसतं. पॅनेल, बॅटरी, इन्व्हर्टर यांची खरेदी साताऱ्यात होते, सामान बामणोलीला किंवा तापोळ्याला लाँचमध्ये चढतं. फसगत होते ती पॅनेल आणि बॅटरी यांच्या मधल्या छोट्या डबीत, म्हणजे बॅटरीचं चार्जिंग सांभाळणाऱ्या चार्ज कंट्रोलरमध्ये. पीडब्ल्यूएम (पल्स विड्थ मॉड्युलेशन) आणि एमपीपीटी (मॅक्झिमम पॉवर पॉइंट ट्रॅकिंग) हे त्याचे दोन प्रकार, आणि दोन्ही डब्या बाहेरून जुळ्या दिसतात: तोच डिस्प्ले, खाली तेच सहा स्क्रू. त्यात पीडब्ल्यूएमच्या खोक्यावर बिनदिक्कत ‘एमपीपीटी’ छापून विकणारेही आहेत. ‘यातला भारी कुठला’ असं दुकानात विचारू नका. पॅनेल किती व्होल्टचं आणि बॅटरी किती व्होल्टची, एवढ्यावर निवड ठरते.

पीडब्ल्यूएम हा जलद उघड-बंद होणारा स्विच आहे. बॅटरी रिकामी असताना तो पॅनेल थेट बॅटरीला जोडतो, आणि त्याबरोबर पॅनेलचा व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढला जातो. अँपिअर पॅनेलचे तेवढेच पोचतात, वरचे व्होल्ट वाया जातात. एमपीपीटी पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालू देतो आणि जादाच्या व्होल्टचे अँपिअर करून बॅटरीला देतो. त्यासाठी आत तांब्याच्या जाड तारेची कॉइल आणि ॲल्युमिनियमची हीटसिंक लागते. म्हणून खरा एमपीपीटी हाताला जड लागतो, आणि सात-आठशे रुपयांत मिळत नाही.

आता आकडे पाहू. आजही खूप दिसणारं ३३५ वॅटचं ७२ सेलचं पॅनेल घ्या. पूर्ण उन्हात ते साधारण ३८ व्होल्टवर ८.८ अँपिअर देतं. पीडब्ल्यूएम लावून १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडलं, तर बॅटरी १३ व्होल्टला असताना तिला मिळतात ८.८ गुणिले १३, म्हणजे जेमतेम ११५ वॅट. पैसे ३३५ वॅटचे मोजले आणि दोन तृतीयांश छपरावरच राहिले. तेच पॅनेल एमपीपीटीवर, उन्हाने तापल्याची घट आणि कंट्रोलरचा खर्च वजा जाऊनही, २५० वॅटच्या आसपास देतं.

घराची गरजही मांडून बघा. ९ वॅटचे पाच दिवे पाच तास म्हणजे २२५ वॅट-तास. ३० वॅटचा बीएलडीसी पंखा आठ तास, २४०. ४० वॅटचा टीव्ही तीन तास, १२०. मोबाईल आणि पाच मिनिटं मिक्सर धरून साडेसहाशे, आणि इन्व्हर्टर स्वतः खातो ते मिळवून साडेसातशे. एप्रिलमधलं पाच तासांचं चोख ऊन धरलं तर पीडब्ल्यूएमवरून ५७५ येतात, एमपीपीटीवरून साडेबाराशे. पीडब्ल्यूएमच्या घरात भर उन्हाळ्यातही रोज पावणेदोनशेची तूट पडते. १२ व्होल्टच्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत, निम्मीच वापरायची धरून, वापरण्याजोगे ९०० वॅट-तास असतात. पाच-सहा दिवसांत ती तळाला जाते आणि मग रोज अर्धपोटीच राहते. अर्धपोटी लेड-ॲसिड बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट धरतं, आणि नवी ट्यूब्युलर (नळीदार प्लेटांची लेड-ॲसिड) बॅटरी अकाली बसते. दोष बॅटरीला दिला जातो. ॲसिडने भरलेली पन्नासेक किलोंची दुसरी बॅटरी लाँचमधून, मग चढणीवरून खांद्यावर आणायची, तीही उभीच धरून! तेव्हा आधी डबी तपासा.

तपासायला साधा मल्टीमीटर पुरतो. दुपारी बारा-एकला, बॅटरी भरलेली नसताना, कंट्रोलरच्या पॅनेलकडच्या दोन स्क्रूंवर डीसी व्होल्ट मोजा, लगेच बॅटरीकडच्या दोनवर. दोन्हीकडे १३.२ आणि १३ असं जवळपास सारखं आलं, तर डबीवर काहीही छापलेलं असो, तो पीडब्ल्यूएम. पॅनेलकडे ३२ ते ३७ आणि बॅटरीकडे १३ आले, तर एमपीपीटी. डीसी क्लॅम्पमीटर (वायरीला चिमट्यात धरून अँपिअर मोजणारा मीटर) असेल तर अँपिअरही बघा: पीडब्ल्यूएममध्ये दोन्हीकडे सारखे, एमपीपीटीत बॅटरीकडे दुपटीहून जास्त. बॅटरी भरत आली की हे मोजमाप फसवं ठरतं, म्हणून आदल्या रात्री दिवे-पंखा वापरून ती थोडी उतरवून ठेवा. दुकानातून घेतानाच तिथल्या पॅनेलवर असं मोजून घेतलं तर परतीची एक खेप वाचते.

मग पीडब्ल्यूएम कुठे घ्यावा? गोठ्यात दोन दिवे आणि मोबाईल चार्जिंग, ३६ सेलचं १०० वॅटपर्यंतचं एक पॅनेल, १२ व्होल्टची बॅटरी. या पॅनेलचा चालू व्होल्टेज १८ च्या आसपास असतो, वाया जायला जागाच थोडी. उन्हाळ्यात सेल ६० अंशांपर्यंत तापला की तो १५.५ वर येतो. अशा वेळी एमपीपीटीचा फायदा नगण्य, उलट काही एमपीपीटी पॅनेलचा व्होल्टेज बॅटरीपेक्षा चार-पाच व्होल्ट वर असल्याशिवाय चार्जिंग सुरूच करत नाहीत. इथे पीडब्ल्यूएम स्वस्त, सुटसुटीत आणि योग्य.

वायरीचं अंतर हा मात्र या भागातला कळीचा मुद्दा. घराभोवती झाडी दाट, त्यामुळे पॅनेल वरच्या माळावर, घरापासून २० मीटरवर लावावं लागतं. चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, जाऊन-येऊन ४० मीटर, त्यातून ९ अँपिअर गेले की दीड व्होल्टहून जास्त गळतात. १८ व्होल्टच्या पॅनेलचे तापल्यावर १५.५ उरलेले, त्यातून दीड गेले, हाती १४. ट्यूब्युलर बॅटरी पूर्ण भरायला १४.४ लागतात, ती कधीच भरणार नाही. दोन ७२ सेलची पॅनेलं सिरीजमध्ये (एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला, म्हणजे व्होल्टची बेरीज होते) जोडून ७६ व्होल्टने आणली, तर तेच दीड व्होल्ट दोन टक्के होतात.

राहत्या घरासाठी म्हणूनच २४ व्होल्टची जोडणी करावी: १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, ३३५ वॅटची दोन पॅनेलं सिरीजमध्ये, ३० अँपिअरचा एमपीपीटी. कंट्रोलरची पॅनेलकडची व्होल्टमर्यादा इथे नीट वाचा. या पॅनेलचा मोकळा (काहीही न जोडता मोजलेला) व्होल्टेज ४६, दोघांचा ९२, आणि तो २५ अंशांवर मोजलेला असतो. डिसेंबरात पहाटेची थंडी १० अंशांवर आली की व्होल्टेज चारपाच टक्के चढतो, म्हणजे ९६. शंभर व्होल्टच्या कंट्रोलरला हे काठावरचं झालं. ५४० वॅटची दोन पॅनेलं असतील तर मोकळे ९९ व्होल्ट थंडीत १०३ होतात, आणि पहिली किरणं पडताच कंट्रोलर जळू शकतो. १५० व्होल्टचाच घ्या. ५४० वॅटचं पॅनेल सव्वादोन मीटर लांब आणि २७-२८ किलोंचं. लाँचमधून उतरवून पाणंदीने वर न्यायला ३३५ वॅटचंच सोपं.

पावसाळ्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. जुलैच्या गच्च ढगात पॅनेल आपल्या वॅटेजच्या दहा-वीस टक्क्यांवर चालतं, आणि एमपीपीटीने ऊन तयार होत नाही. ३३५ वॅटमागे दिवसाला तीन-चारशे वॅट-तास मिळाले तरी पुष्कळ. दुसरं पॅनेल लावायचं ते या चार महिन्यांसाठी. तरीही टीव्ही बंद ठेवून दिवे आणि मोबाईल एवढंच चालवायचं, हे धरूनच चाला. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, साधारण २० अंश कलतं ठेवलं की पाला पावसानेच धुऊन जातो.

सोलर इन्व्हर्टर घेतलात तर कंट्रोलर त्याच्या पोटातच असतो. ‘२४ व्होल्ट, पीडब्ल्यूएम’ असं लेबल असेल तर त्याला ७२ सेलची पॅनेलं पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडावीत, नुकसान थोडंच होईल. ५४० वॅटचं लावलंत तर साडेतीनशेच्या वर मिळणार नाही.

जोडताना आधी बॅटरी. मधे ४० अँपिअरचा डीसी फ्यूज, १० स्क्वेअर एमएमची वायर, लांबी दीड मीटरच्या आत. डिस्प्लेवर २४ व्होल्टची नोंद दिसली की मगच पॅनेलचा डीसी एमसीबी वर करा. घरातला साधा एसी एमसीबी इथे चालत नाही, त्यात डीसीची ठिणगी विझत नाही. सोडवताना उलट: आधी पॅनेल बंद, मग बॅटरी.