पडद्यालाही धुरा असतो

जिल्हा परिषदेच्या शाळेत जुना प्रोजेक्टर नव्या लॅपटॉपला जोडला, की कधीकधी भिंतीवर चित्राऐवजी तीन शब्द येतात: ‘आउट ऑफ रेंज’. मग निदानं सुरू होतात. व्हायरस आला, (लॅपटॉपमधलं चित्र तयार करून पाठवणारं) कार्ड जळालं, व्होल्टेज कमी पडलं. यवतमाळ-वाशीमकडच्या गावांत हे नेहमी ऐकू येतं, आणि एका ठिकाणी तर प्रोजेक्टरच्या पेटीला लिंबू-मिरची बांधलेली दिसली. तीही गाडगेबाबांच्या वऱ्हाडात! याचं वाईट वाटतं, कारण तो संदेशच खरं काय ते सांगत असतो. तो लॅपटॉप देत नाही, प्रोजेक्टर देतो. केबलमधून आलेला सिग्नल त्याने मोजला, तो आपल्या आवाक्याबाहेरचा आहे हे ओळखलं आणि तसं लिहिलं. म्हणजे कार्ड, केबल, प्रोजेक्टर तिन्ही जिवंत आहेत. चुकला आहे तो मोड.

मोड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आडव्या-उभ्या ठिपक्यांचे दोनच आकडे येतात, १९२० बाय १०८० असे. पण केबलमधून चित्र एकदम जात नाही, ठिपक्यामागे ठिपका जातो. कोणता ठिपका कोणत्या क्षणी, याचं पक्कं वेळापत्रक म्हणजे मोड. त्यात चित्रात न दिसणारा वेळही धरलेला असतो.

पेरणीत तिफन धुऱ्याशी, म्हणजे शेताच्या बांधाशी, पोचली की बैल वळवावे लागतात. तेवढ्या वेळात जमिनीत दाणा पडत नाही, पण वेळ तर जातोच. जुन्या पिक्चर ट्यूबमधल्या इलेक्ट्रॉनांच्या किरणाचं तेच होतं. एक ओळ रंगवून झाली की तो विझून डावीकडे परतायचा, आणि तळाशी पोचला की पुन्हा वर जायला आणखी वेळ घ्यायचा. दूरदर्शनच्या ६२५ ओळींपैकी चित्राच्या ५७६च होत्या, त्या यामुळेच.

आयबीएमने १९८७ साली पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए ही पडद्याला चित्र पाठवण्याची पद्धत आणली. त्यातला ६४० बाय ४८० हा मोड माझा फार आवडता, कारण त्यात सगळा हिशेब उघडा दिसतो. ओळीत दिसणारे ठिपके ६४०. मग १६ ठिपक्यांएवढी शांतता, मग ९६ ठिपक्यांएवढा सिंकचा इशारा (‘ओळ संपली, परत फिर’), मग पुन्हा ४८ ठिपक्यांची शांतता. बेरीज ८००. उभ्या दिशेने ४८० ओळी, मग १०, २ आणि ३३. बेरीज ५२५. आता ८०० गुणिले ५२५ म्हणजे एका चित्रामागे ४,२०,००० ठिपक्यांचा वेळ. कार्डाचं घड्याळ सेकंदाला २,५१,७५,००० ठोके देतं, एका ठोक्याला एक ठिपका. भागून बघा: सेकंदाला ५९.९४ चित्रं. ओळींचा दर निघतो सेकंदाला सुमारे ३१,४६९, आणि तो अमेरिकन टीव्हीच्या ओळींच्या दराच्या जवळजवळ दुप्पट भरतो. आणि ४,२०,००० पैकी दिसणारे ठिपके किती? ३,०७,२००. पाव हिश्श्याहून जास्त वेळ पडद्यावर काहीच रंगवलं जात नाही!

आजच्या सपाट पडद्यांत परत फिरणारा किरण नाही, तरी धुरा राहिलाच. १९२० बाय १०८०चं पूर्ण वेळापत्रक असतं २२०० बाय ११२५, आणि सेकंदाला ६० चित्रांसाठी १४ कोटी ८५ लाख ठोके. एचडीएमआय केबलमध्ये आवाज जातो तो या मोकळ्या वेळातूनच.

पडद्याला काय झेपतं हे कार्डाला कसं कळतं? पडद्यात १२८ बाइटची एक माहितीपट्टी असते, तिला ईडीआयडी म्हणतात. ही पद्धत १९९४ पासूनची. त्या १२८ आकड्यांच्या बेरजेला २५६ने भागलं की बाकी शून्य उरायला हवी, नाहीतर माहिती बिघडलेली समजायची. एचडीएमआयच्या १५ आणि १६ क्रमांकाच्या पिना हीच माहिती वाहतात. छतावरच्या प्रोजेक्टरपर्यंत ओढलेल्या स्वस्त व्हीजीए केबलमध्ये पुष्कळदा या कामाच्या तारा जोडलेल्याच नसतात. मग संगणक आंधळा होतो आणि अंदाजाने मोड लावतो.

बाजारातला ‘४के सपोर्ट’ही इथेच ओळखावा. त्याचा अर्थ एवढाच की यंत्र ४के सिग्नल स्वीकारतं. आतल्या पॅनलवर ठिपके ८०० बाय ४८०च असू शकतात. शाळेसाठी खरेदी करताना ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’, म्हणजे पॅनलवर खरोखर किती ठिपके आहेत, ते विचारा.

ज्यांना स्वतः ग्राफिक्सचा प्रोग्राम लिहायचा आहे, त्यांनी हा भाग नीट वाचावा. लिनक्स या संगणक-प्रणालीवरच्या एसव्हीजीएलिब या जुन्या ग्राफिक्स लायब्ररीच्या (तयार प्रोग्रामांच्या संचाच्या) काळात प्रोग्राम थेट कार्डाच्या रजिस्टरांत, म्हणजे त्याच्या आतल्या सेटिंगच्या कप्प्यांत, आकडे लिहायचा, आणि चुकीच्या आकड्यांनी एकाच दराला बांधलेला मॉनिटर खरोखर खराब होऊ शके. २००९च्या सुमारास हे काम लिनक्सच्या कर्नलने, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याने, स्वतःकडे घेतलं. आता एसडीएलसारख्या ग्राफिक्स लायब्ररीत मोड लादायचा नसतो. आधी उपलब्ध मोडची यादी मागायची, किंवा ‘मला एवढा हवा, जवळचा दे’ म्हणायचं. लायब्ररी आधी आकार जुळवते, मग रंगांची मांडणी, शेवटी चित्रांचा दर. यादीतले सगळेच मोड मागितलेल्याहून लहान असतील तर उत्तर रिकामं येतं. ते न तपासता पुढे गेलात तर प्रोग्राम तिथेच कोसळू शकतो.

आणि शाळेतल्या त्या जुन्या प्रोजेक्टरसाठी लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये १०२४ बाय ७६८, ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० चित्रं) निवडून बघा. सेकंदाला साडेसहा कोटी ठोके पुष्कळ जुन्या यंत्रांना झेपतात. तरीही नाही जमलं, तर आधी केबल बदला.