तीन हजार पाय आणि एक हरवलेलं रीळ

आपटणं, घसरणं, पाठलाग आणि फजिती या भांडवलावर मॅक सेनेटने १९१२ साली लॉस एंजेलिसमध्ये कीस्टोन स्टुडिओ काढला. १९१४ मध्ये चॅप्लिन पहिल्यांदा पडद्यावर आला तो याच कंपनीच्या पटात. एक-दोन रिळांचे (म्हणजे साधारण दहा-वीस मिनिटांचे) हे हास्यपट भराभर निघत, मुख्य चित्रपटाच्या तोंडी लावायला दाखवले जात आणि विसरलेही जात. ते जपून ठेवायची गरज फारशी कुणाला वाटली नाही.

लॉरेल-हार्डीचा १९२७ चा 'द बॅटल ऑफ द सेंच्युरी' घ्या. विम्याचे पैसे लाटण्यासाठी हार्डी लॉरेलच्या वाटेत केळ्याची साल टाकतो. घसरतो मात्र बेकरीवाला. मग जी पायफेक (सारण भरलेले बेकरीतले पाय, चालायचे नव्हेत!) सुरू होते, तिला सुमारे ३,००० पाय लागले म्हणे. मला संख्येपेक्षा संथपणा आवडतो. तोंडावर पाय बसलेला माणूस आधी डोळे पुसतो, नीट विचार करतो, मगच नेम धरतो, आणि तो हमखास भलत्यालाच लागतो. अनिता गार्विन रुबाबात येते, घसरून थेट एका पायवर बसते, उठते आणि काही झालंच नाही अशा थाटात तंगडी झटकून चालू पडते. हसून मुरकुंडी वळते.

१९५७ साली रॉबर्ट यंगसनने आपल्या संकलनपटात या मारामारीची काही मिनिटं घेतली, म्हणून तेवढी तरी उरली. बाकीचं रीळ गेलंच असं सगळे धरून चालले होते. ते २०१५ मध्ये एका खासगी संग्रहात सापडलं. याच जोडीचा 'हॅट्स ऑफ' मात्र अजून बेपत्ता आहे.

तेव्हाचे चित्रपट ज्या पट्टीवर उतरवत, ती नायट्रेट फिल्म जुनी झाली की आधी चिकट होते, मग तिची भुकटी होते. पेटली तर पाण्यातही विझत नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ च्या अहवालानुसार तिथल्या सुमारे ११,००० मूकपटांपैकी १४ टक्केच मूळ स्वरूपात पूर्ण उरलेत. हा हिशेबही पूर्ण लांबीच्या चित्रपटांचा. छोट्या हास्यपटांना गणतीतही जागा नाही!

आपल्याकडे फाळक्यांनी १९१४ मध्येच 'पिठाचे पंजे' हा छोटा विनोदी पट काढला होता. आज त्याचं नाव तेवढं याद्यांमध्ये भेटतं. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपलेल्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा २००३ च्या आगीत गेला.