देअर विल कम सॉफ्ट रेन्स

अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरी (१९२०–२०१२) यांची विज्ञानकथा. ६ मे १९५० च्या ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात ती प्रथम छापून आली आणि त्याच वर्षी ‘द मार्शियन क्रॉनिकल्स’ या पुस्तकात थोड्या वेगळ्या रूपात समाविष्ट झाली. कथेत एकही जिवंत माणूस नाही आणि युद्धाचे वर्णनही नाही. तरीही अणुयुद्धावरच्या साहित्यात मनाला इतका चटका लावणारी कथा क्वचितच सापडेल.

पुस्तकातील कथा ४ ऑगस्ट २०२६ रोजी कॅलिफोर्नियातील अ‍ॅलनडेल या गावी घडते. सकाळी सात वाजता एक स्वयंचलित घर आपल्या माणसांना उठवू लागते. नऊ मिनिटांनी नाश्ता तयार होतो : टोस्टचे आठ तुकडे, आठ अंडी, बेकनचे सोळा काप, दोन कप कॉफी, दोन ग्लास दूध. छतातला आवाज आजची तारीख नीट लक्षात राहावी म्हणून तीनदा सांगतो. मग कोणाचा वाढदिवस आहे, कोणाच्या लग्नाला आज वर्ष पूर्ण होते, विम्याचा हप्ता भरायचा आहे, पाणी, गॅस आणि विजेची बिले द्यायची आहेत, याची आठवण करून देतो. जेवायला कोणी येत नाही. साडेआठपर्यंत अंडी आक्रसतात, टोस्ट दगडासारखे होतात आणि यंत्र ते खरवडून टाकून देते. घरात माणसे किती होती हे लेखक सांगत नाही. तो हिशेब वाचकानेच ताटांवरून करायचा.

दहा वाजता ऊन पडते तेव्हा कळते की साऱ्या शहराची राखरांगोळी झाली आहे आणि त्यात हे एकच घर उभे आहे. त्याची पश्चिमेची भिंत काळी पडली आहे, फक्त पाच जागी, जिथे स्फोटाची झळ कोणाच्या तरी आडोशाने अडली, तिथे मूळ रंग टिकला आहे. गवत कापणारा पुरुष, फुले खुडायला वाकलेली स्त्री, हात वर उडवलेला मुलगा, त्याने वर फेकलेला चेंडू, आणि तो झेलायला हात उंचावलेली मुलगी. यामागे हिरोशिमाचे वास्तव आहे. अणुबॉम्बच्या झळीने तिथल्या बँकेच्या पायरीवर उमटलेली माणसाची सावली आज त्या शहरातील शांतता स्मृती संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

दुपारी घरचा कुत्रा येतो. अंगभर जखमा, नुसता हाडांचा सापळा. दार त्याचा आवाज ओळखून उघडते. त्याच्या पायांचा चिखल पुसावा लागतो म्हणून सफाईचे यांत्रिक उंदीर चिडतात. स्वयंपाकघराच्या बंद दाराआड पॅनकेक भाजले जात आहेत आणि त्या वासाने कुत्रा वेडापिसा होतो. पण भुकेल्या जिवाला ते दार उघडत नाही. तो तिथेच मरतो आणि सव्वादोनपर्यंत उंदरांनी त्याला तळघरातील भट्टीत पोचवलेले असते. कथेतील सर्वांत क्रूर प्रसंग हाच, भिंतीवरच्या आकृत्यांहूनही. कारण इथे दुष्टपणा कोणाचाच नाही, घर आपले काम चोख करते आहे.

रात्री घर मिसेस मॅक्लेलन यांना विचारते, आज कोणती कविता ऐकणार? फुले खुडणाऱ्या त्या स्त्रीचे नाव आपल्याला या प्रश्नातूनच समजते. उत्तर येत नाही, तेव्हा आवाज स्वतःच एक कविता निवडतो. ती निघते त्यांच्याच आवडीची, अमेरिकन कवयित्री सारा टीसडेल यांची, जिचे शीर्षक कथेने घेतले आहे. ही कविता १९१८ ची, पहिल्या महायुद्धाच्या काळातली. माणूस समूळ नाहीसा झाला तरी चिमण्यापाखरांना, झाडांना, वसंतालाही त्याची खबर लागणार नाही, असे ती म्हणते. ब्रॅडबरींनी तिच्यात एक भर घातली आहे : माणसाने बनवलेल्या यंत्रालाही ती खबर लागलेली नाही.

पुढे वादळात झाडाची फांदी खिडकीवर कोसळते आणि आग लागते. घर जिवाच्या आकांताने झुंजते, पण टाकीतले पाणी केव्हाच संपलेले असते. इतके दिवस ते कोणी न केलेल्या आंघोळींसाठी आणि कोणी न खाल्लेल्या जेवणाची भांडी धुण्यासाठी खर्ची पडले. इथे घराचा अंत एखाद्या माणसाच्या मृत्यूसारखा लिहिला आहे, आणि जे दुःख कुटुंबासाठी करायला कथेत जागाच ठेवलेली नव्हती ते वाचक या घरासाठी करतो. पहाटे उरलेल्या एकाच भिंतीतला आवाज ५ ऑगस्ट ही तारीख पुन्हापुन्हा उच्चारत राहतो.

‘द मार्शियन क्रॉनिकल्स’च्या १९९७ च्या आवृत्तीत सर्व तारखा ३१ वर्षांनी पुढे नेल्या, त्यामुळे तिथे ही घटना २०५७ मध्ये घडते. शीतयुद्ध ऐन भरात असताना, १९८४ मध्ये, सोव्हिएत संघातील उझबेकफिल्म या संस्थेने या अमेरिकन कथेवर छोटा अ‍ॅनिमेशनपट काढला. त्याचे दिग्दर्शक नाझिम तुल्याहोजाएव. त्यात घराची व्यवस्था एका यंत्रमानवाकडे आहे, आणि आत शिरलेल्या पक्ष्याला शत्रू समजून तो घराचाच विध्वंस करतो.