रियाज करणाऱ्याला स्वतःची प्रगती ऐकू का येत नाही?

चाळिशी-पन्नाशीत पियानो शिकायला घेतलेल्या माणसाची एक तक्रार ठरलेली असते: रात्री जमत होतं, सकाळी बोटं वळेनात. तिच्या पाठोपाठ दुसरी येते, की महिना झाला, तोच तुकडा वाजवतोय आणि गाडी तिथेच अडली आहे. घरच्यांना विचारून उपयोग नसतो. सगळे झोपल्यावर डिजिटल पियानोला हेडफोन लावून केलेला रियाज कोणाच्या कानावर पडलेलाच नसतो. लहान मुलाचं बरं असतं. दर आठवड्याला शिक्षक ऐकतात, आई स्वयंपाकघरातून 'परत वाजव' म्हणते. मोठा माणूस मात्र स्वतःच वादक, स्वतःच श्रोता आणि स्वतःच परीक्षक.

यातलं परीक्षकाचं काम त्याला नीट जमत नाही. त्यात त्याचा दोष नाही. हाताचं कौशल्य मेंदूत ज्या रीतीनं मुरतं, त्या रीतीचाच हा परिणाम आहे. म्हणून प्रौढ शिकाऊ वादक एकमेकांना मिनिटभराची रेकॉर्डिंग पाठवतात, 'मागच्या महिन्यापेक्षा बराच सुटलाय हात' असं कळवतात, तेव्हा ती नुसती हौस नसते. एकट्याला न दिसणारं काहीतरी त्यातून दिसतं.

आधी, मोठ्या वयात मेंदू बदलतो का, हा प्रश्न. १९९५ साली आल्व्हारो पास्कुआल-लिओने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पियानो कधीच न वाजवलेल्या प्रौढांना त्यांनी एका हाताच्या पाच बोटांचा सोपा पाठ दिला. मिनिटाला ६० ठोके देणारा मेट्रोनोम, रोज दोन तास, सलग पाच दिवस. रोज कवटीबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन, मेंदूच्या मोटर कॉर्टेक्समधला बोटांना हलवणारा भाग किती पसरला आहे ते मोजलं. पाच दिवसांत तो नकाशा स्पष्टपणे रुंदावला होता. दुसऱ्या एका गटाला पियानोसमोर बसून तोच पाठ फक्त मनात वाजवायचा होता, बोट हलवायचं नव्हतं. त्यांचाही नकाशा जवळपास तेवढाच रुंदावला. प्रत्यक्ष वाजवण्यात ते पाचव्या दिवशी पहिल्या गटाच्या तिसऱ्या दिवसाइतके पोचले होते आणि नंतर एकदाच दोन तास हातानं वाजवल्यावर त्यांनी बरीच कसर भरून काढली. लोकलमध्ये डोळे मिटून मांडीवर बोटं नाचवणाऱ्याकडे शेजारचा प्रवासी विचित्र नजरेनं बघतो खरा, पण तो माणूस वेळ वाया घालवत नसतो.

म्हणजे मेंदू बदलतो, तोही काही दिवसांत. मग ते जाणवत का नाही? एक कारण असं की सुधारणेचा मोठा भाग आपण वाजवत नसताना घडतो.

२००२ साली मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी डाव्या हाताच्या चार बोटांनी '४-१-३-२-४' हा क्रम शक्य तितक्या वेगानं दाबायला लावला. शिकल्यानंतरचे बारा तास जागेपणी गेले तर वेगात फारसा फरक पडला नाही. त्या बारा तासांत रात्रीची झोप आली तर वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला आणि चुका वाढल्या नाहीत. हाच क्रम घेऊन मार्लेन ब्योनस्ट्रुप आणि लिओनार्डो कोहेन यांच्या गटानं २०१९ मध्ये आणखी बारीक पाहिलं. दहा सेकंद वाजवा, दहा सेकंद थांबा, पुन्हा वाजवा. सुरुवातीच्या फेऱ्यांमध्ये वेग वाढत होता तो मुख्यतः थांबण्याच्या दहा सेकंदांत. याचा अर्थ काय लावायचा, यावर वाद आहे. थांबल्यावर बोटांचा नि मेंदूचा तात्पुरता शीण उतरतो, म्हणून वेग वाढल्यासारखा दिसतो, त्या क्षणांत नवं काही शिकलं जात नाही, असा काही संशोधकांचा आक्षेप आहे. मला तो आक्षेप वजनदार वाटतो. तरी दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे: वाजवता वाजवता जे ऐकू येतं, ते त्या वेळच्या थकव्यात मिसळलेलं असतं. त्यावरून शिकणं किती झालं हे सांगता येत नाही. रात्री अकराला पन्नासाव्यांदा अडखळलेला माणूस 'आज काहीच झालं नाही' असं म्हणून झाकण लावतो, तेव्हा तो नेमक्या चुकीच्या वेळी मोजमाप करत असतो.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. २००१ साली डॉमिनिक सायमन आणि रॉबर्ट ब्यॉर्क यांनी लोकांना आकड्यांच्या कीपॅडवर तीन वेगवेगळे क्रम ठरावीक वेळात दाबायला शिकवले. काहींनी एक क्रम पुरा घोटला, मग दुसरा घेतला, मग तिसरा. इतरांना तिन्ही क्रम आलटून पालटून, कोणता कधी येईल याचा भरवसा नाही अशा रीतीनं करावे लागले. सरावाच्या वेळी पहिला गट सरस होता आणि 'उद्या कसं जमेल' असं विचारल्यावर त्याच गटाला जास्त आत्मविश्वास होता. दुसऱ्या दिवशी उलटं झालं. आलटून पालटून करणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिलं होतं. २०१३ मध्ये पियानोवरच्या छोट्या सुरावटी घेऊन केलेल्या अभ्यासातही तेच दिसलं: टिकलं ते आलटून पालटून केलेलं, पण वाजवणाऱ्यांना जास्त उपयोगी वाटली ती ठरावीक क्रमाची घोटणी.

यामागची यंत्रणा समजायला अवघड नाही. एकच तुकडा वीस वेळा वाजवला की विसाव्या वेळी मेंदूला तो आठवावा लागत नाही, नुकताच वाजलेला समोरच असतो. बोटं सहज पळतात आणि आपल्याला वाटतं, हात बसला. मध्ये दुसरं काही वाजवून परत त्या तुकड्याकडे आलं की तो नव्यानं बांधावा लागतो, अडखळायला होतं, चिडचिड होते. पण तुकडा शोधून काढण्याचा आणि उभा करण्याचा सराव नेमका त्या अडखळण्यात होत असतो. सकाळी थंड हातानं पियानोसमोर बसल्यावर हेच कौशल्य लागतं. 'रात्री जमत होतं' ही तक्रार म्हणजे रात्रीच्या वाजवण्यावर ठेवलेला नको तेवढा विश्वास आहे.

आता डाव्या हाताबद्दल, कारण आपल्याकडे पियानोकडे वळणाऱ्यांत लहानपणी पेटी शिकलेले बरेच असतात. त्यांना पट्ट्या ओळखीच्या असतात, उजवा हात लवकर सुटतो, आणि मग डावा हात दगा देतो. यात नवल नाही. इतकी वर्षं त्यानं भाता ओढलेला असतो. नवशिक्या डाव्या हातापेक्षा मोठी अडचण मात्र दोन्ही हात एकत्र आणण्याची. स्कॉट केल्सो यांनी १९८०च्या दशकात दाखवलेला प्रयोग आत्ता करून पाहता येईल. दोन्ही तर्जन्या समोर रोखा आणि मोटारीच्या वायपरसारख्या दोन्ही एकाच वेळी उजवीकडे, मग डावीकडे हलवा. वेग वाढवत न्या. एका टप्प्यावर तुमच्या इच्छेविरुद्ध बोटं एकमेकींकडे आणि एकमेकींपासून दूर अशी हलू लागतील. दोन्ही हातांत तेच स्नायू एकदम आखडावेत, हा मज्जासंस्थेचा जुना कल आहे आणि वेग वाढला की तो डोकं वर काढतो. दोन हात मधल्या स्वरापासून विरुद्ध दिशांना नेणारी सप्तकं नवशिक्याला सोपी जातात ती यामुळेच: दोन्हीकडे अंगठ्यासोबत अंगठा येतो, मधल्या बोटासोबत मधलं बोट. दोन्ही हात एकाच दिशेनं न्यायचे म्हटले की बोटांच्या जोड्या मोडतात. प्रत्येक हात वेगळा छान वाजतो आणि एकत्र आणल्यावर सगळं कोसळतं, हा अनुभव मागे गेल्याची खूण नाही. तिथून पुढे एक वेगळंच कौशल्य शिकायचं असतं.

इथे वयाचा मुद्दा टाळण्यात अर्थ नाही. गॉटफ्रीड श्लाउग यांना १९९५ साली दिसलं, की सात वर्षांच्या आधी शिकू लागलेल्या वादकांच्या मेंदूत दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या तंतुपुलाचा पुढचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. स्टॉकहोममध्ये २००५ साली आठ व्यावसायिक पियानोवादकांवर झालेल्या छोट्या अभ्यासातही लहानपणच्या रियाजाचा मज्जातंतूंच्या जोडण्यांशी सर्वात व्यापक संबंध आढळला. प्रौढ वयातल्या रियाजाचाही संबंध होता, पण मोजक्या जागी. जिनिव्हा आणि हॅनोव्हर इथे ६२ ते ७८ वयाच्या निवृत्तांना सहा महिने पियानो शिकवून पाहिलं, तेव्हा मेंदूच्या काही भागांत करडं द्रव्य (ग्रे मॅटर) वाढलेलं दिसलं, मात्र वयोमानानं होणारी एकूण घट थांबली नाही. 'पियानो वाजवा, म्हातारपण पळवा' अशा मथळ्यांवर भाळू नये.

आता इतरांकडे येऊ. जपानमधल्या शो सुगावारा आणि नोरिहिरो सादातो यांच्या गटानं २०१२ साली ४८ प्रौढांना बोटांनी पट्ट्या दाबण्याचा एक क्रम शिकवला. सराव संपल्या संपल्या त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटातल्या प्रत्येकाचं त्याच्या कामगिरीबद्दल कौतुक केलं. दुसऱ्या गटाला दुसऱ्या कोणाचं कौतुक दाखवलं. तिसऱ्याला कौतुक नाही. दुसऱ्या दिवशी, आधी न सांगता, तोच क्रम करून घेतला. ज्यांचं स्वतःचं कौतुक झालं होतं त्यांची सुधारणा इतर दोन्ही गटांपेक्षा जास्त होती. गंमत पुढेच आहे. नवा, न शिकलेला क्रम दिला तेव्हा तिन्ही गट सारखे ठरले. म्हणजे कौतुकानं माणसं नुसती हुशारली असती, जोरात वाजवू लागली असती, तर ते सगळ्याच क्रमांत दिसलं असतं. फरक पडला तो आदल्या दिवशी शिकलेल्या गोष्टीच्या मुरण्यात. रियाज संपल्यावर कोणी म्हटलेलं 'वा' हे पुढच्या वेळी जास्त मेहनत करायला लावतं, इतकंच आपण धरून चालतो. या प्रयोगात पुढची मेहनत नव्हतीच.

दुसऱ्याचं वाजवणं ऐकण्यातही काही घडतं. अमीर लहाव आणि श्लाउग यांनी २००७ मध्ये, संगीत न शिकलेल्या लोकांना एक छोटी धून पाच दिवसांत वाजवायला शिकवली आणि मग हात न हलवता ती नुसती ऐकायला लावली. हालचालींशी जोडलेले मेंदूचे भाग त्या धूनला जागे झाले, न शिकलेल्या धूनला तितके नाही. तेव्हा आपण सध्या शिकतोय तीच रचना वाजवणाऱ्या दुसऱ्या शिकाऊचं रेकॉर्डिंग ऐकताना आपली बोटं बाहेरून स्वस्थ असली तरी आत त्यांची हजेरी लागलेली असते.

रेकॉर्डिंग पाठवायला मात्र अनेकांना धीर होत नाही. शंभरदा नीट वाजलेली ओळ लाल ठिपका पेटला की हमखास बिघडते, फोनच्या पलीकडे त्या क्षणी कोणीही नसताना. रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ साली मांडलेला विचार असा: बघणारा असला की प्राणी उत्तेजित होतो आणि त्याच्या अंगी जे सर्वात बळकट असेल ते बाहेर पडतं. मुरलेल्या कामात ते बरोबरच असतं, म्हणून काम सुधारतं. नव्या कामात चुकाच बळकट असतात, म्हणून बिघडतं. १९६९ मध्ये त्यांनी हे झुरळांवर तपासलं. उजेडापासून सरळ पळायचं असेल तर प्रेक्षक झुरळांसमोर ती जास्त वेगानं पळाली. वळणाच्या मार्गात त्यांना जास्त वेळ लागला. माणसाचं प्रकरण अर्थातच गुंतागुंतीचं आहे, त्यात अब्रूचीही भर पडते. तरी एवढं खरं की लाल ठिपक्यासमोर बिघडलेली ओळ 'तुला येत नाही' असं सांगत नाही, 'अजून मुरलेली नाही' एवढंच सांगते. ती माहिती एकट्यानं वाजवताना मिळत नाही.

आणि ऐकणाऱ्यानं काय कळवावं? २००९ साली टेक्सास विद्यापीठातल्या रॉबर्ट ड्यूक यांनी पियानोच्या १७ प्रगत विद्यार्थ्यांना रशियन संगीतकार शोस्ताकोविचच्या एका कॉन्चेर्टोतला (एकल वाद्य आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेतला) तीन मापांचा, म्हणजे तीन 'बार'चा, तुकडा शिकायला दिला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं वादन जोखलं. कोणी किती वेळ दिला, किती वेळा वाजवला, यावरून क्रम लागला नाही. वर आलेले विद्यार्थी चुकत नव्हते असंही नाही. चूक झाली की ते नेमकी जागा हेरत, तिथे लय कमी करत आणि ती जागा सुटेपर्यंत पुढे जात नसत. म्हणून 'छान' यापेक्षा 'तिसऱ्या मापात डाव्या हाताचं बोट उशिरा येतंय' हे जास्त कामाचं, असं म्हणावंसं वाटतं. पण जपानी प्रयोग तर 'छान'च्या बाजूनं बोलतो. माझा अंदाज असा, आणि हा अंदाजच आहे, की दोन्हींची वेळ वेगळी असावी: कौतुक रियाज संपल्यावर, झोपण्यापूर्वी, आणि तिसऱ्या मापाची गोष्ट दुसऱ्या दिवशी, झाकण उघडताना.