ठोक्यांची गोळी आणि रेंगाळणारा खोकला

पुण्यात खोकल्याला निमित्तांची वाण नाही. हिवाळ्यातली पहाटेची बोचरी हवा, शेकोट्यांचा धूर, वर्षभर कुठे ना कुठे खणलेल्या रस्त्यांची धूळ आणि पावसाळ्यात मोकळ्या प्लॉटांवर माजणारे गाजरगवत, यांपैकी काही ना काही नेहमीच हाताशी असते. गाजरगवताची भारतातली पहिली नोंद १९५५ मध्ये पुण्यातच झाली, आणि त्याच्या परागकणांनी अनेकांना शिंका, नाक वाहणे व दम्याचा त्रास होतो. त्यामुळे खोकला लांबला, तरी ‘हवा बदलली आहे’ एवढे बोलून घरातली माणसे त्याकडे दुर्लक्ष करतात. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी ज्यांना औषध सुरू आहे, त्यांच्या बाबतीत मात्र एवढ्यावर थांबणे धोक्याचे ठरू शकते, कारण या गटातली काही औषधे श्वसनमार्गाला आणि फुफ्फुसांना त्रास देऊ शकतात.

यातली पहिली अडचण अशी, की दम लागणे हे मूळ आजाराचेही लक्षण आहे. उतारवयात आढळणाऱ्या एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, खालच्या कप्प्यांना रक्त भरून घ्यायला पुरेसा वेळ मिळत नाही, आणि मागे साचणाऱ्या रक्ताचा दाब फुफ्फुसांवर येतो. म्हणून पर्वतीच्या १०३ पायऱ्या पूर्वी सहज चढणारा माणूस अर्ध्यावर थांबू लागला, तर दोष आजाराचा, औषधाचा की निव्वळ वयाचा, हे लक्षणावरून एकदम ठरवता येत नाही. अशा वेळी माझ्या मते सर्वांत उपयोगी प्रश्न असा: त्रास सुरू केव्हा झाला, आणि त्याच्या आधी कोणते औषध सुरू झाले किंवा कोणत्या औषधाची मात्रा बदलली?

काही औषधांचा परिणाम क्षणार्धात जाणवतो. ठोके अचानक फार वेगाने पडू लागल्यावर रुग्णालयात शिरेतून दिले जाणारे ॲडेनोसिन छाती आवळल्यासारखी आणि धाप लागल्यासारखी भावना निर्माण करते. पण रक्तातले त्याचे आयुष्य काही सेकंदांचेच असल्याने ती लवकर ओसरते. दम्याच्या रुग्णांना मात्र ते शक्यतो टाळतात.

ठोके मंद करणाऱ्या बीटा ब्लॉकर गटाचा त्रास सहसा पहिल्या गोळ्यांपासून किंवा मात्रा वाढवल्यावर दिसू लागतो. ॲड्रेनॅलिनसारखी संप्रेरके हृदयातल्या बीटा-१ ग्राहींना (पेशींवरच्या संदेश टिपणाऱ्या जागांना) उत्तेजित करून ठोके वाढवतात, तर श्वासनलिकांतल्या बीटा-२ ग्राहींमार्फत त्या नलिका रुंद ठेवतात. जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात विकसित केलेले प्रोप्रॅनोलॉल हे दोन्ही ग्राही अडवते. हृदयविकारांच्या उपचारात या औषधाने मोठा बदल घडवला आणि ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पण दमा असलेल्या माणसाच्या श्वासनलिका त्याने आवळल्या जाऊ शकतात. सोटॅलॉललाही हीच मर्यादा आहे. मेटोप्रोलॉल आणि बिसोप्रोलॉल प्रामुख्याने हृदयातल्या ग्राहींवर काम करतात, तरी मात्रा वाढत गेली की हा भेद पुसट होत जातो. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबही याच गटातले आहेत आणि त्यांचा काही अंश रक्तात उतरतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. प्रवास उलट दिशेनेही होतो: दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल किंवा थिओफिलिनच्या गोळ्या धडधड वाढवू शकतात. म्हणूनच छातीच्या डॉक्टरांना हृदयाच्या गोळ्या आणि हृदयाच्या डॉक्टरांना पंप दाखवणे अत्यावश्यक आहे.

या सर्वांत अधिक काळजीने पाहावे असे औषध म्हणजे ॲमिओडेरोन. बेल्जियममधील लाबाझ कंपनीत १९६१ मध्ये ते तयार झाले ते छातीतल्या वेदनेसाठी, म्हणजे अंजायनासाठी. ठोक्यांच्या अनियमिततेवरचा त्याचा प्रभाव ऑक्सफर्डमध्ये ब्रह्म सिंग आणि माइल्स वॉन विल्यम्स यांनी १९७० मध्ये दाखवून दिला. इतर औषधांना दाद न देणाऱ्या ठोक्यांवरही ते परिणाम करते आणि दुबळ्या झालेल्या हृदयालाही देता येते, त्यामुळे अनेक रुग्णांना त्याला सोयीचा पर्याय नसतो. त्याच्या वजनाचा सुमारे ३७ टक्के भाग आयोडिनचा असतो. ते चरबीत सहज विरघळते आणि यकृत, फुफ्फुसे व चरबीत साठत राहते. गोळी बंद केल्यावरही शरीरातला साठा निम्म्यावर यायला कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात.

फुफ्फुसातल्या वायुकोशांत भक्षक पेशी असतात आणि त्यांच्यातल्या पचनकोशिकांत जुन्या मेदयुक्त द्रव्यांची विल्हेवाट लागते. ॲमिओडेरोन या कोशिकांत साचते आणि तिथल्या विकरांना (एन्झाइमांना) अडवते, त्यामुळे न पचलेला मेद साठून पेशी फेसाळ दिसू लागतात. अशा पेशी हे औषध घेणाऱ्या बऱ्याच जणांत सापडतात आणि केवळ त्या सापडल्या म्हणजे आजार झाला असे होत नाही. परंतु काहींमध्ये पेशींना थेट इजा होते किंवा शरीराची प्रतिकारयंत्रणा चवताळते, दाह सुरू होतो, आणि तो वेळीच थांबला नाही तर वायुकोशांच्या भिंती जाड व ताठर होऊन प्राणवायू रक्तात शिरणे अवघड होते. सध्याच्या कमी मात्रांमध्ये हे साधारणपणे शंभरात एक ते पाच जणांना होते. रोज ४०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा, दीर्घकाळ चाललेले औषध, वाढलेले वय आणि आधीपासूनचा फुफ्फुसविकार यांनी धोका वाढतो. रोजच्या २०० मिलिग्रॅमवरही तो शून्य नसतो.

हा त्रास बहुधा काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, चोरपावलांनी येतो. कोरडी ढास लागते, जिना चढताना दम लागू लागतो, कधी बारीक ताप येतो, वजन घटते. क्षयरोग आपल्याकडे सर्रास आढळत असल्याने संशय आधी तिकडे जातो आणि ते रास्तही आहे. न्यूमोनिया आणि हृदय कमकुवत होऊन फुफ्फुसांत साचलेले पाणी यांचाही विचार करावाच लागतो. निदान असे एकेक कारण बाजूला सारतच होते. एक्स-रेनंतर सीटी स्कॅन करतात. आयोडिनमुळे औषधाचा साठा असलेला भाग त्यात कधी कधी नेहमीपेक्षा पांढरा चमकतो, तसेच यकृतही. वायूची देवाणघेवाण मोजणाऱ्या चाचणीतला आकडा आधीच्या तुलनेत घसरला असेल, तर संशय बळावतो. पण तुलना करायला आधीचा आकडा हवा. म्हणून औषध सुरू करतानाच छातीचा एक्स-रे, श्वसनाची चाचणी, थायरॉइड आणि यकृताच्या तपासण्या करून ते कागद जपून ठेवावेत, असा माझा आग्रह आहे. पेठेतल्या फॅमिली डॉक्टरांपासून मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञापर्यंत ही फाइल सोबत फिरली, तर निदानातला बराच उशीर टळतो.

शंका आली म्हणून गोळी मनाने बंद करणे मात्र अत्यंत घातक ठरू शकते. बीटा ब्लॉकर एकाएकी थांबवले तर ठोके आणि रक्तदाब उसळतात. ॲमिओडेरोन ज्या ठोक्यांसाठी दिले जाते, त्यांतले काही जीवघेणे असतात. बसल्या जागी दम लागणे, ओठ निळसर पडणे, चक्कर किंवा छातीत दुखणे असे काही झाले, तर वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे. एरवीचा नवा, रेंगाळणारा खोकला काही दिवसांतच डॉक्टरांच्या कानावर घालावा. निदान पक्के झाले, तर डॉक्टर ॲमिओडेरोन थांबवून ठोक्यांसाठी दुसरी सोय करतात आणि गरजेप्रमाणे दाह शमवणारे स्टिरॉइड सुरू करतात. वेळीच लक्षात आलेले बहुतेक रुग्ण सुधारतात, परंतु साठा हळूहळू उतरत असल्याने स्टिरॉइडही काही महिने चालू ठेवून सावकाश कमी करावे लागते, नाहीतर दाह पुन्हा उचल खातो. याच साठ्यामुळे ॲमिओडेरोन घेणाऱ्यांना मोठ्या शस्त्रक्रियेनंतर फुफ्फुसांचा तीव्र दाह होण्याचा धोका असतो आणि जास्त प्रमाणातला प्राणवायू त्यात भर घालतो असे मानले जाते. म्हणून गोळी बंद होऊन काही महिने उलटले असले, तरी शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना तिचे नाव आणि ती किती काळ घेतली होती, हे सांगावे.