मार्कांवरून ओळखता न येणारं मागेपण

वर्षाचं मूल बसत नसेल, तर घरचे लगेच डॉक्टरांकडे धावतात. सौम्य बौद्धिक अक्षमतेत असं ठळक काही दिसतच नाही. मूल चालतं, बोलतं, खेळतं. सगळं थोडं उशिरा, एवढंच. ‘त्याचे बाबाही उशिराच बोलायला लागले’ असं म्हणत वर्षं निघून जातात. तिसरी-चौथीत हातच्याची वजाबाकी आली की अडतं आणि मूल आळशी ठरतं. बौद्धिक अक्षमता असलेली बहुसंख्य मुलं याच सौम्य गटातली. म्हणून चाळणी तपासणी, म्हणजे शंका वाटणारी मुलं वेचून काढणारी पहिली तपासणी, अंगणवाडीपाशी थांबून चालत नाही.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं येतात. कार्यक्रमाच्या आरोग्य पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जायचं असतं. शंका आलेलं मूल पुढच्या तपासणीसाठी डीईआयसीकडे, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. शंका म्हणजे निदान नव्हे. आधी कान, डोळे, थायरॉइड तपासायचं. नीट ऐकू न येणारं मूलही वर्गात मागेच पडतं.

मग बुद्ध्यंक. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमत्ता चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे. साधारण ७०च्या खालचा बुद्ध्यंक अक्षमतेकडे बोट दाखवतो, पण तेवढ्यावर निदान करता येत नाही. रोजचं जगणं कितपत जमतं, हेही पाहावंच लागतं.

त्यासाठी व्हाइनलँड मापनश्रेणी आहे. तिचं भारतीय रूप मॅलिन यांनी नागपुरात तयार केलं. इथे प्रश्न आईवडिलांना विचारतात. स्वतःच्या हाताने जेवतो का? शर्टाची बटणं लावतो का? दुकानातून सामान आणतो का? मला ही मुलाखत सगळ्यात मोलाची वाटते. ‘मीच भरवते, शाळेला उशीर होतो ना’ असं आई म्हणाली, तर मुलाला जमत नाही की कधी करूच दिलं नाही, हे खोदून विचारावं लागतं. उलट, वाचता न येणारा मुलगा बाजारात हिशेब चोख करत असेल, तर अडचण अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखनासारखं शिकणं अडण्याची, असू शकते.

वयात येताना प्रश्न बदलतात: पाळी आल्यावर स्वतःची काळजी घेता येते का, एसटीने एकटं जाता येतं का, नकोशा स्पर्शाबद्दल घरी सांगता येतं का? आठवी-नववीतल्या मुलाबद्दल पहिल्यांदा शंका आली, तरी तपासणी करून घ्यावी. बौद्धिक अक्षमता ठरली, तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि त्यावर मिळणाऱ्या परीक्षेतल्या सवलती यांसाठी तेव्हाही अर्ज करता येतो.