पंपाच्या फवाऱ्यातली उष्णता

रुग्णालये पर्यावरणपूरक व्हावीत, असे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वापरून फेकलेले हातमोजे, सलाइनच्या बाटल्या आणि सुयांचे ढीग येतात. ही काळजी अनाठायी नाही. पण जगाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे 4 ते 5 टक्के वायूंना कारणीभूत असलेल्या आरोग्यसेवेचा बराचसा भार डोळ्यांना दिसतच नाही. तो प्रामुख्याने विजेत आणि औषधे व उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यांत असतो. त्याचा एक छोटा, पण विज्ञानाच्या दृष्टीने विलक्षण हिस्सा दम्याच्या पंपात आणि भूल देण्याच्या यंत्रात दडलेला असतो.

पंप दाबला की औषध बाहेर ढकलण्याचे काम दाबाखाली द्रवरूप ठेवलेला वायू करतो. बहुतेक पंपांत तो एचएफसी-134ए असतो. त्याच्या रेणूत कार्बनचे दोन, हायड्रोजनचे दोन आणि फ्लोरिनचे चार अणू असतात. सगळी गंमत या फ्लोरिनमध्ये आहे. तापलेली जमीन आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने वर सोडते आणि त्या किरणांचा जोर 10 मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असतो. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड इतर बऱ्याच तरंगलांबी अडवतात, परंतु 8 ते 12 मायक्रॉनच्या पट्ट्यात निरभ्र हवा बरीच पारदर्शक असते. या ‘खिडकी’तून पृथ्वीची उष्णता थेट अवकाशात निसटते. कार्बन-फ्लोरिन बंध नेमका या खिडकीच्या आसपास कंप पावतो. फ्लोरिन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेत असल्याने बंधाचे एक टोक किंचित ऋणभारित, तर दुसरे धनभारित होते; बंध ताणला-आखडला गेला की हा द्विध्रुव बदलतो, आणि बदलता द्विध्रुवच अवरक्त किरण शोषू शकतो. नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंत दोन्ही अणू सारखेच असल्याने असा द्विध्रुव तयार होत नाही, म्हणून हवेचा सर्वांत मोठा भाग या बाबतीत निरुपद्रवी असतो.

परिणामी 100 वर्षांच्या हिशेबाने एचएफसी-134एचा एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,300 ते 1,500 ग्रॅमइतकी उष्णता अडवतो. पंपातून असा 10 ग्रॅम वायू बाहेर पडला, तर तो साधारण सहा लिटर पेट्रोल जाळण्याच्या बरोबरीचा ठरतो.

भुलेसाठीच्या डेसफ्लुरेन या वायूच्या एका ग्रॅमसाठी कार्बन डायऑक्साइडशी तुलनेचा हाच आकडा 2,500 ग्रॅमच्या घरात आहे. शरीर त्याचे जवळजवळ काहीच पचवत नाही, त्यामुळे रुग्णाने श्वासावाटे सोडलेला वायू नळीतून छतावर आणि तिथून हवेत जातो. भुलेच्याच सेव्होफ्लुरेन या दुसऱ्या वायूचा तापमानवाढीचा भार याच्या एक दशांशाहून कमी आहे. म्हणूनच युरोपीय संघाने 1 जानेवारी 2026 पासून डेसफ्लुरेनचा वापर वैद्यकीयदृष्ट्या अत्यावश्यक प्रसंगांपुरता मर्यादित केला.

पर्यावरणाच्या नावाखाली उपचारांना कात्री लागेल, ही लोकांची शंका मला रास्त वाटते आणि तिचे उत्तर रुग्णापुढे उघडपणे ठेवले पाहिजे. भुकटीच्या इनहेलरला असा वायू लागत नाही, पण त्यासाठी जोरात श्वास ओढावा लागतो, जो लहान मुलांना आणि काही वृद्धांना जमत नाही. त्यांचा पंप बदलण्याचा आग्रह धरणे चूक आहे. ‘पंपाची सवय लागते’ हा गैरसमज तर घातकच आहे. त्यात आता पर्यावरणाची भर घालून कोणीही डॉक्टरांना न विचारता पंप बंद करू नये.

बदलाची खरी जागा वेगळी आहे. तात्पुरता आराम देणारे पंप वर्षाला तीन किंवा अधिक लागत असतील, तर दमा आटोक्यात नसल्याची ती खूण असते आणि झटक्याचा धोकाही वाढलेला असतो. श्वासनलिकांची सूज कमी करणारे प्रतिबंधक औषध नियमित घेतले की त्या पंपांची गरज कमी होते, आणि तेवढाच वायू हवेत जायचा वाचतो.